शुक्रवारचा गोड सोडा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून प्रॉकनाऊ सपर क्लब या खाणावळीतला सोडा दर शुक्रवारी साडेचार ते सहा या वेळात गोड लागे. इतर दिवशी तो सोड्यासारखाच लागे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. शुक्रवारी तळलेला मासा खाण्यापूर्वी माणूस बारपाशी सोडा घातलेल्या ब्रँडीचा पेला घेतो, आणि तो 'गोड' घ्यायचा की 'आंबट' हे एकदा ठरले की मरेपर्यंत बदलत नाही. 'आंबट'वाल्यांच्या हाती गोड पेला पडू लागला, तेव्हा ठपका आर्डिसवर आला. ती एकतीस वर्षे त्या बारमागे उभी होती. मालक ड्वेनने तिला काम सोडायला फेब्रुवारीअखेरची मुदत दिली.

मी तिथे गेलो होतो वेगळ्याच कामाला. आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळातले साचलेले पाणी गावाच्या पिण्याच्या पाण्यात उलटे शिरू नये म्हणून त्या नळावर दुहेरी झडप असते. ती दरवर्षी तपासणे हा माझा व्यवसाय. मंगळवारी तपासली, दोन्ही झडपा घट्ट बसत होत्या.

"पास?" ड्वेनने विचारले.

"पास."

"बघा आर्डिसमावशी, तीस वर्षांची झडप, अजून चुकत नाही."

"तिला कोणी ऑर्डर देत नाही रे," आर्डिस पेला पुसत म्हणाली. "आणि माझे हात काय फक्त शुक्रवारी म्हातारे होतात?"

या युक्तिवादात मला दोष सापडेना. म्हणून शुक्रवारी पुन्हा गेलो.

बाहेर नाक गोठत होते. एरवी थंडगार असणाऱ्या बंदिस्त ओसरीत मात्र रांगेतल्या लोकांसाठी दोन शेगड्या धडधडत होत्या आणि माणसे कोट काढून उभी होती. आत ऑर्विल नावाच्या निवृत्त चीजवाल्याने पेला खाली ठेवला.

"आर्डिस, परत गोड."

"तुझी जीभ तपासून घे, ऑर्विल."

"चाळीस वर्षं चीज चाखलंय या जिभेनं. तिला बोल लावू नकोस."

"पाहिलंत?" ड्वेन मला म्हणाला. "डोळ्यांदेखत."

मी नुसता सोडा मागितला.

"नुसता?" ऑर्विलने काळजीने पाहिले. "बरं नाही का तुम्हाला?"

आर्डिसने फक्त सोड्याच्या यंत्राची कळ दाबली. त्यात ब्रँडी नव्हती, पाक नव्हता. सोडा गोड होता.

"या यंत्राला पाणी कुठून येतं?" मी ड्वेनला विचारले.

"नळातून."

"कोणत्या?"

तो छताकडे पाहू लागला. "नाताळच्या सुट्टीत बार खिडकीपाशी हलवला. प्लंबर तीन आठवड्यांनी येतो म्हणाला. तो लाल नळ डोक्यावरूनच जात होता, म्हणून मीच जोडला. त्यातही पाणीच असतं ना?"

"आगीचा नळ आहे तो. ओसरीकडच्या फाट्यात पाणी गोठू नये म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. ते गोड असतं."

आर्डिसने पुसायचे फडके खाली ठेवले. "म्हणजे महिनाभर मी लोकांना काय पाजत होते?"

"विष नव्हे. खोकल्याच्या औषधातही घालतात. पण साचलेलं पाणी आहे, आत्ताच बंद करा."

"तरीच यंदा घसा धरला नाही," ऑर्विल म्हणाला.

"ड्वेन," आर्डिस शांतपणे म्हणाली, "फेब्रुवारीअखेर कोण जातंय आता?"

"लाल नळ," ड्वेन म्हणाला. "तुम्ही राहा, मावशी."

अहवालात मी लिहिले: दुहेरी झडप निर्दोष. बारवरील कर्मचारी निर्दोष. झडप इमारतीपासून गावाचे पाणी राखते. बार मात्र झडपेच्या पुढे, फवाऱ्यांच्या बाजूला जोडलेला आहे. शुक्रवारी ओसरी तापवली की तिथल्या फाट्यातले ग्लिसरीनचे मिश्रण फुगते. फुगलेले दोन-तीन लिटर, त्यासाठीच ठेवलेल्या बारीक भोकातून, मुख्य नळात येते, आणि सोड्याचे यंत्र ते सहापर्यंत ओढून संपवते.