डावं डेचकं

बी अजून चिकट होती. खजूर केव्हाच खाऊन झाला होता, तरी शिवदासने ती मुठीत घट्ट धरली होती, आणि बहरीनच्या हूरा वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये सत्यनारायणाच्या निमित्ताने जमलेले सगळे गावकरी आपापली बी अशीच धरून बसले होते... कागदावर मतं नकोत, हे आधीच ठरलं होतं. पंच्याण्णव साल, रस्त्यांवर टायर जळतायत, वळणावळणावर पोलीस, घोळक्यात कुणाकडे नावांचे कागद सापडले तर खलासच. म्हणून स्वयंपाकघरात पडद्याआड झाकण घातलेली दोन डेचकी — उजवं कंपनीमालक हेमचंद्रभाऊंचं, डावं कैलासचं; ज्याला मत, त्याच्या डेचक्यात बी टाकायची. गावाच्या आखाती मंडळाचा अध्यक्ष पुढे दुबईत ठरायचा होता. त्याआधी कुवेत, दोहा सगळे आपापला उमेदवार निवडत होते आणि आज बहरीनची पाळी होती.

कैलास समोरच मांडी घालून बसला होता. साधा प्लंबर, आणि मागणी काय, तर हेमचंद्रभाऊंनी आपल्या कामगारांचे पासपोर्ट कपाटात कोंडू नयेत, ज्याचे त्याला द्यावेत. अरे, त्याच कपाटात माझाही आहे, शिवदासच्या मनात आलं, आणि धाकट्या भावाचा व्हिसा त्याच माणसाच्या सहीवाचून अडलाय... पण बाबा गेले तेव्हा तो पासपोर्ट वेळेवर मिळाला नाही, गावी अग्नी चुलत्याने दिला, आणि इथे मुहर्रकच्या खोलीत मला बळेबळे जेवायला घालणारा हा कैलासच. कालच मी त्याला, त्याने न विचारता, सांगितलं होतं की माझं मत तुलाच.

पाळी आली तसा शिवदास आत गेला. पडद्याआड दुसरं कुणी नव्हतं. तेच वाईट झालं — कुणी बघत असतं तर नाइलाज होता म्हणता आलं असतं. बाकीचे आहेतच की, एवढे सगळे कैलासला मानणारे, माझ्या एका मतावाचून त्याचं काय अडतंय... आणि धाकट्याचं वय निघून चाललंय. त्याने उजवं झाकण किलकिलं केलं आणि बी आत टाकली.

मोजणी बाहेरच्या खोलीत झाली. उमेदवाराने आपलं मत समोरच्याला द्यायचं ही मंडळाची जुनी रीत, म्हणजे निदान हेमचंद्रभाऊंची बी तरी कैलासच्या डेचक्यात असायला हवी होती. डावं डेचकं उपडं केलं, तर त्यातून काहीच पडलं नाही. एकही नाही! कुणी कुणाकडे बघितलं नाही. हेमचंद्रभाऊ स्वतःच्या हाताने शिरा वाढायला उठले आणि सगळ्यांनी द्रोण पुढे केले.

जिन्यात कैलास चप्पल घालत होता. टाळून जायला दुसरी वाट नव्हती.

"मोजताना एखादी घरंगळली असेल रे," तो म्हणाला, "तुझी."

टोमणा असता तर बरं झालं असतं... पण त्याच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं, तो खरंच वाट बघत होता.

"हो," शिवदास म्हणाला, "माझीच असणार."

कैलासने खांदा थोपटला आणि तो उतरून गेला. आता लाज वाटेल, म्हणून शिवदास कठड्याला धरून उभा राहिला — आणि ती आली नाही. धाकटा येईल, एवढंच मनात आलं, आणि त्यामागोमाग कैलासवरचा राग, खरा: इतका विश्वास टाकायला कुणी सांगितलं होतं याला?