आम्ही जेवून आलोय

रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे कडकबाई म्हणत. तिनं घातलेली घडी कडक, जीभ कडक आणि मान तर विचारूच नका. दोन पोरं पदरात टाकून नवरा परागंदा झाला, तेव्हाही ती कुणाच्या दारात रडायला गेली नाही. मोडेन पण वाकणार नाही, असा स्वभाव. अशा माणसांचं लोक तोंड भरून कौतुक करतात, कारण कौतुकाला काही खर्च येत नाही.

पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधीच तिनं एक धडा पक्का करून घेतला होता. कुणाच्या घरी ताटं मांडायला लागले की खेळ टाकून उठायचं. ‘बस गं, चार घास खाऊन जा,’ असं कुणी म्हणालंच तर म्हणायचं, ‘नको, आम्ही जेवून आलोय.’ फारच आग्रह झाला तर पोटावरून हात फिरवून दाखवायचा. आता लोकांसमोर आईला ‘घे ना, देतायत तर’ असं म्हणावंच लागतं. तेव्हा आईच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघायचं. थोरली नऊ वर्षांची होती आणि या विद्येत आईच्याही पुढे गेली होती. धाकटा अजून कच्चा होता. तो नको म्हणायचा, पण ताटावरची नजर त्याला काढता यायची नाही.

शाळा असली की दुपारची काळजी नसायची. शाळेत गरम जेवण मिळायचं आणि पोरं संध्याकाळपर्यंत तग धरायची. सुट्टी लागली की शाळेच्या स्वयंपाकघराला कुलूप लागायचं. पोटाला सुट्टी असते असं बहुधा कुणीतरी वर बसून ठरवलं असावं. मग कडकबाई कामावर जाताना खिडकीचा पडदा ओढून घ्यायची आणि पोरांना सांगायची, ‘उशिरा उठा रे, सुट्टी आहे.’ उशिरा उठलं की एक जेवण टळतं. शेजारीपाजारी म्हणायचे, काय लाडावून ठेवलीयत पोरं, दुपारपर्यंत लोळतात. ती हसून सोडून द्यायची.

त्या सुट्टीत धाकटा रोज विचारायला लागला, ‘आई, शाळा कधी सुरू होणार?’ गल्लीतल्या बायकांना फार गंमत वाटली. हा मोठेपणी नक्की प्राध्यापक होणार, म्हणाल्या. कडकबाईला एवढंच कळत होतं की पोराला पाटी-पुस्तकाची आठवण येत नाहीये.

म्हणून गरीब पोरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई दारात आल्या तेव्हा तिनं दार लावून घेतलं नाही. सुट्टीतही शाळेची स्वयंपाकघरं उघडी ठेवावीत, असा ठराव नगरसभेपुढे आला होता. त्यावर जाहीर चर्चा व्हायची होती आणि मग मतदान. ताईंचं म्हणणं, मोठ्यांनी कितीही घसा कोरडा केला तरी सभासद जांभया देतात. एखादं लेकरू दोन शब्द बोललं, तर फरक पडेल.

‘तुमची थोरली धीट आहे,’ ताई म्हणाल्या. ‘काही शिकवू नका तिला. विचारतील ते खरं खरं सांगू दे.’ मग जाता जाता थबकून जरा हळू आवाजात म्हणाल्या, ‘आणि फार नीटनेटकं नका हं आणू. म्हणजे... घरात असते तशीच येऊ दे.’

कडकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात असते तशी म्हणजे कशी? फाटकी? शेंबडी? गरिबाचं पोर गरीब दिसलं नाही तर यांचा विश्वास बसत नाही. सभेच्या आदल्या दिवशी ती थोरलीचा निळा फ्रॉक कामावर घेऊन गेली. रुग्णालयाच्या इस्त्रीनं त्याला अशी घडी घातली की त्या कडेनं कांदा कापला गेला असता. सकाळी पोरीला न्हाऊ घातलं, दोन घट्ट वेण्या घातल्या. धाकट्याला शेजारी सोडलं. मग कोरा चहा आणि पावाच्या कडा खाऊन दोघी मायलेकी निघाल्या.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं म्हणतात ना? कडकबाई त्या दिवशी भांडं घासूनपुसून, चकचकीत करून, आणि तरीही लपवून घेऊन चालली होती.

सभागृह भलंमोठं होतं. सभासदांसमोर लांब टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांच्या बशा मांडलेल्या. भाषणं सुरू झाली. कुणी म्हणालं, तिजोरीत खडखडाट आहे. कुणी म्हणालं, अन्न उरेल आणि वाया जाईल, आणि बोलता बोलता अर्धं बिस्किट बशीत टाकून दिलं. एक बाई म्हणाल्या, योजना चांगलीच आहे, पण आधी अभ्यास समिती नेमावी. समितीचा अभ्यास होईपर्यंत त्या पोरांना पोरं झाली असती.

मग फर्निचरच्या दुकानांचे मालक उठले. ते या ठरावाच्या विरोधातले सगळ्यांत वजनदार सभासद. वजन दोन्ही अर्थांनी, पण माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. शांतपणे म्हणाले, ‘मी लहान असताना आमच्या घरातही खायचे वांधे होते. पण माझ्या आईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही. पोरांना खाऊ घालणं हे आईबापांचं काम आहे. ते सरकारनं केलं, तर आईबापांना किंमत काय उरली?’

आणि कडकबाईची मान आपसूक हलली. हो, अगदी बरोबर, अशी. हे तर तिचंच बोलणं होतं. धुलाईघरात तिनं शंभरदा सुनावलेलं. मान हलली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या बाजूनं मान हलवली. तिला स्वतःचाच असा संताप आला की तिनं हाताची मूठ मांडीवर दाबून धरली.

ताईंनी थोरलीला पुढे बोलावलं. पोरगी ताठ मानेनं गेली. तिचा फ्रॉक बघून मागे दोघेचौघे कुजबुजले. फर्निचरवाले स्वतः टेबलामागून बाहेर आले, तिच्यासमोर वाकले, आणि खरंच मायेनं म्हणाले, ‘बाळ, घाबरू नकोस. सुट्टीत जेवायला मिळतं ना तुला घरी?’

‘मिळतं,’ थोरली म्हणाली.

‘शाब्बास. भूक लागलीय का आता? हे घे.’ त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

थोरलीनं बशीकडे बघितलंसुद्धा नाही. ‘नको. आम्ही जेवून आलोय,’ म्हणाली, आणि पोटावरून हात फिरवला.

सभागृह हसलं. गोड पोरीचं गोड उत्तर ऐकून हसतात तसं. फर्निचरवाले सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून सभेला म्हणाले, ‘आता आणखी काय ऐकायचंय?’

‘खोटं आहे ते!’

कडकबाई उभी होती. आपण कधी उभं राहिलो, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

‘बाई, तुमचं नाव वक्त्यांमध्ये नाही,’ अध्यक्ष म्हणाले. ‘खाली बसा.’

‘नसू दे. पोरगी खोटं बोलतेय. मी शिकवलंय तिला. कुणी विचारलं की जेवून आलोय म्हणायचं, असं मीच शिकवलंय. सकाळपासून चहा आणि पावाच्या कडा, बाकी काही नाही तिच्या पोटात.’

मग फर्निचरवाले म्हणाले, आवाज न चढवता, ‘बाई, मुलीला खोटं बोलायला शिकवलं, असं तुम्हीच सांगताय. मग आता तुम्ही बोलताय ते खरं कशावरून धरायचं?’

खऱ्या माणसाला कोंडीत पकडायला असा एक साधा प्रश्न पुरतो, आणि तो विचारणाऱ्यांचं पोट नेहमी भरलेलं असतं. कडकबाईचे कान तापले, डोळे लाल झाले. ती पोरीकडे वळून जवळजवळ ओरडलीच, ‘घे गं ते बिस्किट! खा!’

थोरलीनं आईच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघितलं. शिकवलं होतं तसं. डोळ्यांत नुसता जाळ होता. एवढा जाळ तिनं कुठल्याच घरात, कुठल्याच ताटासमोर बघितला नव्हता. ती घाईघाईनं दोन पावलं मागे सरली.

‘नको, नको,’ म्हणाली. ‘पोट भरलंय माझं.’

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. मतदान जेवणानंतर. सभासद खुर्च्या सरकवत उठले.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ताई मागून आल्या. चेहरा पडलेला. ‘जाऊ द्या, तुम्ही घरी जा आता,’ म्हणाल्या. ‘आज काही खरं दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जोर लावू.’

‘पुढच्या वर्षी,’ कडकबाई म्हणाली. ‘तोवर जेवून आलोय म्हणायचं, नाही का?’

ताईंनी मान खाली घातली आणि त्या सभागृहात परत गेल्या. चांगल्या बाई होत्या. पण चांगल्या बाईंच्या घरी दुपारी स्वयंपाक झालेला असतो, म्हणून त्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबता येतं.

थोरलीनं आईचा हात धरला. तिचा चेहरा पहिला नंबर आल्यासारखा फुलला होता.

‘आई, मी बरोबर बोलले ना? तू घे म्हणालीस, पण डोळे केवढे वटारलेस! मी लगेच ओळखलं.’

कडकबाई जागच्या जागी थांबली. तिला सगळ्यांचा राग आला होता. ताईंचा, फर्निचरवाल्याचा, हसणाऱ्या लोकांचा, परागंदा झालेल्या त्या माणसाचा. पण हे ऐकल्यावर जो राग आला, तो तिला उभं राहू देईना. आपण पोरांना अब्रू शिकवली असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. शिकवलं होतं ते एवढंच, की भूक लागणं ही लाज वाटायची गोष्ट आहे. आणि ज्यांना लाज वाटायला हवी होती, ते पलीकडच्या दालनात हात धुऊन जेवायला बसत होते. वास व्हरांड्यापर्यंत येत होता.

‘चल,’ ती म्हणाली.

‘घरी?’

‘नाही.’

जेवणाच्या दालनात मोठ्या टेबलावर पातेली मांडली होती. भात, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, केळी. कडकबाईनं दोन ताटं उचलली. वाढणारा माणूस गडबडला. ‘बाई, हे सभासदांचं जेवण आहे.’

‘ठाऊक आहे. वाढ.’

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वाढलं. ती सरळ फर्निचरवाल्यांच्या टेबलाशी गेली, समोरची खुर्ची ओढली, थोरलीला बसवलं, शेजारी आपण बसली. आजूबाजूचे चमचे थांबले.

‘आई,’ थोरली घाबरून कुजबुजली, ‘आपण जेवून आलोय ना?’

‘नाही,’ कडकबाई सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘आपण जेवून आलेलो नाही. आपल्याला भूक लागलीय.’

पोरगी हात मांडीत धरून बसून राहिली. बघत होती आईच्या डोळ्यांकडेच. आणि डोळ्यांतला राग कडकबाईला काही केल्या आवरेना. गोड डोळे करून दाखवायला ती काही नटी नव्हती. मग तिला दुसरा एकच उपाय सुचला. परक्या माणसाच्या ताटाला जिनं इतक्या वर्षांत बोट लावलं नव्हतं, तिनं भाताचा मोठा घास घेतला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला. तिनं तो रेटून गिळला आणि दुसरा घेतला.

तेव्हा कुठे थोरलीचा हात ताटाकडे गेला. मग मात्र ती थांबली नाही. वर न बघता, न बोलता, वेण्या ताटात लोंबतायत याचंही भान न ठेवता खात राहिली. त्या फ्रॉकवर भाजीचा डाग पडला. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं त्या एका ताटात वाहून गेलं. बघणाऱ्या कुणालाही आता विचारायची गरज नव्हती की खरं काय आणि खोटं काय.

फर्निचरवाल्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. ‘अहो, खाऊ द्या तिला पोटभर,’ ते पडलेल्या आवाजात म्हणाले. ‘आम्ही कुठे नको म्हणतोय? एका पोरीचा प्रश्न असता तर आज मीच...’

‘एका पोरीचा नाही, साहेब,’ कडकबाई म्हणाली. ‘आमच्या गल्लीतली सगळी पोरं जेवूनच आलेली असतात. तुम्हीही लहानपणी जेवूनच यायचात की. तुमच्या आईनं हात नाही पसरला म्हणालात. तेव्हा तुम्ही काय खायचात, ते सांगितलं नाहीत.’

फर्निचरवाल्यांची नजर पोरीच्या ताटावर खिळली होती, आणि धाकट्यासारखी त्यांनाही ती काढता येत नव्हती.

‘जेवण झालं की मत टाकायचंय ना?’ कडकबाई म्हणाली. ‘टाका आता.’

तेवढ्यात तिच्या बाहीला हिसका बसला. थोरलीचं ताट लख्ख झालं होतं. ती आईच्या कानाशी येऊन, आवाज होऊ न देता म्हणाली, ‘आई, अजून थोडं घेऊ?’

‘कानात नको सांगूस. मोठ्यानं माग.’

पोरीनं आईच्या डोळ्यांकडे बघितलं. जाळ तसाच होता, पण या वेळी तो कुणावर आहे हे तिला नीट कळलं. तिनं रिकामं ताट दोन्ही हातांनी उचलून टेबलावर पुढे धरलं.

‘मला अजून भात पाहिजे,’ ती म्हणाली.