उरलेले ओठ

लेओन्स गारसँ मूळचा दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयचा. बावीस वर्षांत पॅरिसच्या स्टुडिओंत त्याने एकेचाळीस चित्रपट केले आणि त्या सगळ्यांत तो खाटीक होता, वेटर होता, नाहीतर बायकोचा मार खाणारा नवरा. तोंड उघडलं की दक्षिणेचा हेल बाहेर पडे आणि थिएटर हसे. पॅरिसला दक्षिणेचा माणूस एवढ्यापुरताच चालतो.

एकोणीसशे त्रेपन्न साली पहिल्यांदा त्याला गंभीर भूमिका मिळाली, मुलाला पुरणाऱ्या बापाची. चित्रीकरणाच्या दिवशी दफनभूमीत वारा सुटला होता, म्हणून संवाद नंतर स्टुडिओत भरायचे ठरले. ठरल्या वेळी लेओन्स पोचला, तर माइकसमोर भलताच माणूस उभा. मोठ्या नाट्यगृहातला नट, घोटीव आवाजाचा, अस्सल पॅरिसवाला. निर्माते देल्वो यांनी लेओन्सला न विचारताच हे उरकलं होतं. बापाच्या दुःखाला म्हणे हेल शोभत नाही.

लेओन्सचं डोकं सणकलं, तरी तो मागच्या खुर्चीत जाऊन बसला.

पडद्याखाली शब्दांची पट्टी सरकू लागली. शब्द तिथल्या ठरलेल्या उभ्या रेघेशी आला की नटाने तो उच्चारायचा. पॅरिसवाला बोलला झकास, पण त्याचं वाक्य संपलं तरी पडद्यावर लेओन्सचे ओठ हलतच होते. मार्सेयची माणसं शब्दाचं शेपूटही, म्हणजे शेवटचा स्वर, उच्चारतात, पॅरिसवाले ते गिळून टाकतात. चारदा करून पाहिलं. चारही वेळा ओठ उरले.

देल्वो वैतागले. बापाची पाठच दाखवू, म्हणजे कटकट मिटेल, असं त्यांनी जाहीर केलं.

तेव्हा मात्र लेओन्स उठला. चेहरा माझा तर आवाजही माझाच, असं सरळ सांगून त्याने पॅरिसवाल्याला बाजूला केलं. पट्टी सरकली. घरी जेवायला बसल्यावर बोलावं तसा तो त्या पोराशी बोलला. ओठ आणि आवाज एकदमच थांबले. ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालवणाऱ्या ओदेतला ते बंद करायचंही भान राहिलं नाही.

"लोक हसतील," देल्वो म्हणाले.

"हसू देत. बावीस वर्षं हसतायत. आमच्याकडेही पोरं मरतात, एवढं कळू दे त्यांना."

"मग पुढच्या चित्रपटात तुम्ही नाही. माझ्याच काय, कुणाच्याच नाही. ती व्यवस्था मी करतो."

"करा." लेओन्स ओदेतकडे वळला. "पोरी, पट्टी पुन्हा लाव. शेवटच्या शब्दाला आवाज कमी पडला."