हिरव्या ओळींची चाळणी

सकाळचा अर्धा तास तेवढा माझा असतो. लेक झोपलेली, चहा समोर, घर चिडीचूप. त्यात फडताळावरचा फोन टिंग करून वाजला. फोन भावजींचा, म्हणजे माझ्या दिराचा. दाढीचा फेस तोंडाला तसाच घेऊन ते धावत आले. शेअरबाजाराचा वर्ग घेणाऱ्या त्यांच्या सरांचा निरोप होता: आज हिरव्या ओळी भरपूर निघणार, जागा धरायला लवकर या.

भावजी छापखान्यात मशीनवर आहेत. बारा वर्षांची पक्की नोकरी. त्यांच्या शर्टाच्या खिशात राजीनाम्याचं पत्र होतं; इस्त्री करायला घेतला तेव्हा मला ते सापडलं होतं. फंडाचे पैसे उचलायचे, थोडे सरांच्या मोठ्या वर्गाच्या फीला आणि बाकीचे बाजारात, असा बेत. माझी लेक पोटात असताना दवाखान्याच्या रांगेत माझ्याऐवजी तासन्‌तास उभा राहिलेला हा माणूस. त्यांना तोंडावर वेड्यात काढणं मला जमेना. लेकीला सुट्टी होती, माझी कामाची पाळी दुपारची. “आम्ही दोघीही येतो बघायला,” म्हटलं. त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच चोरट्यासारखं झालं.

चपलांच्या दुकानावरचा तो हॉल. खुर्च्या संपल्या म्हणून माणसं खिडकीच्या कठड्यावर टेकलेली. निवृत्त कारकून, शिवणकाम करणाऱ्या बायका, एक दातांचा डॉक्टरसुद्धा. समोर पडदा, पडद्यावर सरसर पळणारे आकडे. एखादी ओळ हिरवी झाली की अख्खा हॉल ‘आहाहा’ करी. काहींनी तर हात जोडले.

सर शिकवत ते ऑप्शन म्हणजे काय, हे भावजींनी वाटेत सांगितलं होतं. एखादा शेअर ठरलेल्या भावात, ठरलेल्या तारखेपर्यंत घेण्याचा हक्क. त्या हक्कालाही किंमत असते. शेअर जितका उड्या मारणारा, तितका हक्क महाग. सरांच्या संगणकावरच्या चाळणीत म्हणे हजारो हक्क पडतात, आणि उड्यांच्या मानाने जो हक्क फार स्वस्त राहून गेलाय, तेवढाच हिरवा होऊन खाली येतो. यात खोटं काही नाही. अशा चाळण्या असतात, जाणकार त्या वापरतात.

सर मात्र जाणकारासारखे बोलत नव्हते. “बाजार झोपतो, माझी चाळणी झोपत नाही. ती मागते काय? फक्त विश्वास. शंकेखोराच्या हाती हिरा दिला तरी तो घासून घासून त्याची काच करतो.” लोक हसले. मग त्यांनी सगळ्यांना वह्या उघडायला लावल्या. त्या वर्गाची रीतच होती: पहिला महिनाभर खरी खरेदी करायची नाही. हिरव्या ओळीतला भाव वहीत लिहायचा, संध्याकाळी नवा भाव लिहायचा, मधला फरक तो आपला नफा. भावजींच्या वहीत तीन आठवड्यांत वर्षाच्या पगाराएवढा नफा जमला होता. शेजारच्या आजींच्या वहीत त्याहून जास्त.

मला तिथेच खटकलं. इतक्या वह्या, आणि कुणालाच तोटा नाही?

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे आकडा वेळेशिवाय लिहीत नाहीत. सकाळची साखर संध्याकाळची म्हणून लिहिली तर माणूस जिवाला मुकेल. पडद्यावर हक्काचं नाव होतं, भाव होता, ‘योग्य किंमत’ होती. वेळ मात्र कुठे दिसत नव्हती; उजवी कड एका मोठ्या फलकाआड गेलेली.

मी उभी राहिले. “सर, हा नऊ रुपयांचा भाव किती वाजताचा आहे?”

“ताई, वेळ बघणारा बघतच राहतो,” सर म्हणाले. हॉल पुन्हा हसला. भावजींनी मान खाली घातली. माझे कान तापले, पण मी बसले नाही.

“भावजी, फोनवरच्या तुमच्या खात्यात हाच हक्क काढा,” मी म्हटलं. “एकच घ्या. नऊला. खराखुरा.”

त्यांनी काढला. नऊला मागणी टाकली. थांबलो. विकायला कुणीच येईना. मग त्यांनी खालची ओळ वाचली, आधी मनात, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी: “शेवटचा सौदा, चार दिवसांपूर्वी. आज विकणारा मागतोय एकतीस.”

सर म्हणाले नेटवर्क. मग म्हणाले, शंका आली की चाळणी रुसते. दातांच्या डॉक्टरने आपला फोन काढला. त्याने काढलेल्या दुसऱ्या हक्काची ओळही तशीच, पाच दिवसांपूर्वीची.

चमत्कार एवढाच होता. त्या हक्कांत कुणी फारसं घेत-विकत नव्हतं. शेअर शांत होता तेव्हाचा भाव पडद्यावर तसाच पडून राहिलेला. मग शेअर उसळला, चाळणीने योग्य किंमत आजच्या उड्यांवरून काढली आणि शिळ्या भावाशी ताडून पाहिली. स्वस्त दिसणारच! संध्याकाळी एखादा सौदा एकतीसला झाला की वहीत पैसे तिपटीहून जास्त. वहीत विकणारा शोधावा लागत नाही, म्हणून वहीत कुणी बुडत नाही.

भावजींनी आपली वही मिटली. मग म्हणाले, “वहिनी, आत्ता निघालो तर दुसरी पाळी गाठता येईल.”

माझं मागणं फार नाही. यंत्र असो की बुवा, त्याने आकडा दाखवला तर तो कधीचा आहे ते विचारा. त्या भावाला विकणारा माणूस समोर आणायला सांगा. चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा.

भावजी पायऱ्या उतरून पुढे गेले. दारात टेबल मांडलेलं होतं, मोठ्या वर्गाच्या फीचं. समोर रांग. भावजींच्या शेजारी बसलेल्या, मघाशी त्यांच्या खांद्यावरून वाकून फोन दोनदा वाचणाऱ्या त्याच आजी त्या रांगेत पाचव्या होत्या, वही छातीशी धरून. लेकीने माझा हात ओढला.

“आई, त्या आजींनी तर सगळं बघितलं ना? मग त्या पैसे का देतायत?”