आमादोरच्या बोटीची गाळणी

जोव्हेलिनने गाळणीचं झाकण फिरवून काढलं, आतली जाळीची डबी बाहेर ओढली आणि तिच्या एका भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. ते गेलं नाही.

"फार बारीक आहेत," ती म्हणाली. "दुसरी दाखवा, निनोंग."

तेबान जागचा हलला नाही. गल्ल्यामागच्या स्टुलावर तो दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. वर्षभरात आमादोरच्या घरातलं कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं, आणि आज आमादोरची ही पोरगी भरदिवसा, अख्खा किनारा बघत असताना, सरळ आत आली होती. आल्या आल्या तिने तेबानचा हात उचलून कपाळाला लावला. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर घेतलं होतं ते यानेच. तिचा निनोंग, म्हणजे धर्मपिता, होता तो. त्याने हात मागे घेतला नाही, पण आशीर्वादही दिला नाही.

"तुझ्या बापाला माहीत आहे का, तू इथे आलीस ते?"

"कळेल."

"कळलंसुद्धा असेल एव्हाना," दाराशी बाकावर बसलेला गोरियो म्हणाला. गोरियोला दिवसभर उकडलेल्या शेंगा सोलणं आणि लोकांच्या भानगडीत नाक खुपसणं एवढे दोनच उद्योग होते. "काय गं, शर्यतीच्या बोटीला गाळणी लावणार? मग काय, कॉफी करणार का समुद्राची?"

"करीन की. पहिली आले की तुला पाजीन. साखर तेवढी घरून घेऊन ये."

गोरियो खुदखुदला. तेबानच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा झाला, पण त्याने लगेच तोंड फिरवलं.

फिएस्ता, म्हणजे गावची जत्रा, परवावर आली होती. फिएस्ताच्या दिवशी धक्क्यापासून बेटापर्यंत आणि परत, अशा फेऱ्यांची बांकांची शर्यत व्हायची. बांका म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरलेली अरुंद होडी. त्या एवढ्याशा पोटात मोटारगाडीचं इंजिन बसवायचं आणि मग ती पाण्याला टेकते की नाही असा प्रश्न पडावा इतकी पळवायची. होडीखाली पुढे तोंड केलेला एक पाइप असतो. बांका पळाली की समुद्र आपण होऊन त्यात घुसतो, तापलेल्या इंजिनाभोवती फिरतो आणि मागून बाहेर पडतो. पाणी थांबलं की इंजिन गेलंच म्हणून समजा; म्हणून काहीजण कचरा अडवायला मध्ये गाळणी लावतात.

मागल्या वर्षी तसंच झालं. शेवटच्या फेरीत आमादोर सगळ्यांच्या पुढे होता. धक्का समोर दिसत होता, बँडवाले उठून उभे राहिले होते, आणि त्याच्या बांकेतून पांढरा धूर निघाला. इंजिन जाम झालं. पाइपातून आत शिरून एक पिवळी प्लास्टिकची पिशवी इंजिनाच्या तोंडाशी चिकटून बसली होती आणि तिच्यावर तांबडा नांगर छापलेला होता. तो तेबानच्या दुकानाचा छाप. पहिला आला तेबानचा पुतण्या.

आमादोरने ती ओली पिशवी हातात उंच धरली आणि अख्ख्या किनाऱ्यासमोर ओरडून सांगितलं की तेबानने ती मुद्दाम टाकली. अर्ध्या गावाकडे तसल्या पिशव्या होत्या, पण ऐकतंय कोण? त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. तीस वर्षं एकमेकांना 'पारे', म्हणजे दोस्ता, याखेरीज दुसऱ्या नावाने हाक न मारणारे ते दोघे आता समोरासमोर आले तरी वाट बदलत होते.

आणि आमादोरने शपथ घेतली होती: माझ्या बांकेला गाळणी लागणार नाही. शर्यतीची बांका समुद्र थेट पिते, गाळून पितात ते कोळंबी धरणारे. कारण उघड होतं, गोरियोलाही कळत होतं. गाळणी लावायची म्हणजे कचरा समुद्रातच असतो, तो कुणी टाकावा लागत नाही, असं कबूल करायचं.

यंदा त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून बांका जोव्हेलिन चालवणार होती. नवं इंजिन तिनेच बसवलं होतं. तेही जाळून घ्यायची तिची मुळीच तयारी नव्हती.

ती स्वतः उठली आणि फळीवरच्या गाळण्या एकेक करून खाली काढू लागली. ब्राँझची, प्लास्टिकची, पारदर्शक झाकणाची. एक चकाकती स्टीलची उचलून तिने तोंडं पाहिली.

"ती घेऊ नकोस," तेबान बोलून गेला. बोलायचं नव्हतं त्याला, पण समोर कुणी चुकीचा माल उचलला की त्याला राहवत नसे. "दिसायला छान आहे, पण तोंड अरुंद. पाइपापेक्षा गाळणीचं तोंड लहान असलं की इंजिन तहानेनेच मरेल."

"आणि ही?"

"हिची भोकं ठीक आहेत. पण डबी केवढीशी आहे बघ. समुद्रगवताचा एक पुंजका आला की अर्धी भरली. अर्धी भरली तरी पाणी पुरलं पाहिजे, अशी मोठी घ्यायची."

"भोकं मोठी घेतली तर वाळू जाईल आत."

"जाऊ दे की! वाळू इंजिन खाते, पण खायला महिने लावते. पिशवी एका फेरीत खाते."

पिशवी हा शब्द तेबानच्या तोंडातून गेला. गोरियोने शेंगा सोलायचं थांबवलं.

जोव्हेलिनने हातातली गाळणी उलटीसुलटी केली. मागल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी ती बापाबरोबर वाळूवर होती. आमादोरने नवे प्लग आणले होते, ते तेबानच्याच दुकानातून, पिवळ्या पिशवीत. प्लग काढून त्याने इंजिनात बसवले. पिशवी बाकाखाली होती. मग नव्हती. एवढं तिला माहीत होतं, आणि वर्षभर ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, बापालाही नाही. एका शब्दात तिला बापाचं तोंड बंद करता आलं असतं. पण तसं त्याला चारचौघांत नागवं करून गाळणी लावायची नव्हती तिला. लावायची तर स्वतःच्या जोरावर लावायची.

"ठेव ते खाली."

आमादोर दारात उभा होता. धावत आल्याने त्याची छाती वरखाली होत होती, पायात एकच चप्पल होती. उंबऱ्याच्या आत मात्र त्याने पाऊल टाकलं नाही. त्याच्या पाठीमागे वाळूवर जाळी विणणारे उठून उभे राहिले होते.

"नाही ठेवणार, ताय," जोव्हेलिन बापाला म्हणाली.

"बांका माझी आहे."

"बांका तुमची. आत बसणार मी. इंजिन पेटलं तर त्याच्या शेजारी मी असणार, तुमची शपथ नसणार."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! वर्षभर म्हणतायत. माझ्या तोंडावर म्हणतायत. आता मी गाळणी लावणार, आणि धक्क्यावर सगळ्यांना दिसेल अशी लावणार. तुम्हाला बघवत नसेल तर घरी बसा."

आपण बापाशी असं बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. तिने गाळणी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

आता तेबान उठला. स्टूल मागे पडलं, त्याने ते उचललं नाही.

"थांब पोरी. गाळणी तुला देईन मी. पण माझ्या दुकानातली वस्तू ह्याच्या बांकेवर चढायच्या आधी ह्याने मला एक सांगावं." तो गल्ल्याला वळसा घालून पुढे आला. "आमादोर, सगळे आहेत इथे. सांग. पिशवी कुणी टाकली?"

जोव्हेलिनने तोंड उघडलं आणि मिटलं. बापाच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती.

"मी," आमादोर म्हणाला.

गोरियोच्या मांडीवरची टरफलं खाली सांडली.

"मी टाकली. टाकली म्हणजे उडाली. प्लग काढून बाकाखाली ठेवली आणि वाऱ्याने गेली." आमादोरने हनुवटी वर केली, जसं काही कुणी त्याला मारायला येणार होतं आणि तो तयार होता. "जाताना पाहिली मी. म्हटलं, जाईल कुठे तरी. झालं? ऐकलंत सगळ्यांनी? काय करायचं ते करा."

"पाहिलीस?" तेबानचा आवाज घोगरा झाला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पिशवी तुझीच होती. तेवढं तर मी खरं बोललो."

"अरे माणूस आहेस का कोण आहेस!" तेबानने गल्ल्यावर असा हात आपटला की फळीवरच्या बोल्टांच्या डब्या खणखणल्या. "वर्षभर! माझी बायको बाजारात मान वर करून चालली नाही वर्षभर. माझ्या पुतण्याच्या चषकाला चोरीचा चषक म्हणतात लोक. आणि तुला ठाऊक होतं!"

"होतं."

"चालता हो."

"नाही जाणार. पोरगी आत आहे माझी."

"मग तिथेच थांब. आत पाऊल टाकशील तर याद राख."

"कोण येतंय आत?"

आणि तो खरंच तिथे थांबला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, दुकानाच्या छपराची सावली त्याच्या पायाशी येऊन संपत होती, आणि सरकून सावलीत यायला कुणी त्याला अडवलं नसतं. तो सरकला नाही. टोपी त्याने काढून हातात धरली. किनाऱ्यावरचे लोक त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता, एकेकाच्या डोळ्यात डोळे घालून, असा की शेवटी बघणाऱ्यांनीच माना वळवल्या. बापाचा इतका राग आणि इतका अभिमान जोव्हेलिनला एकदम कधी वाटला नव्हता. तिला रडूही येत होतं आणि त्याच्याशेजारी जाऊन उभं राहावंसंही वाटत होतं. ती जागची हलली नाही. गाळणी घेतल्याशिवाय ती तिथून जाणार नव्हती.

तेबानने पडलेलं स्टूल उचललं, ते तिच्यापुढे सरकवलं आणि मागच्या चुलीवरून कॉफीचा एक पेला आणून तिच्यासमोर ठेवला. एकच. मग शांतपणे, जणू त्याला संध्याकाळपर्यंत वेळ होता, वरच्या फळीवरून एक जड खोकं काढलं. आतून त्याने ब्राँझची गाळणी बाहेर घेतली. रुंद तोंडाची, खोल डबीची, डबीला शेंगदाणा जाईल एवढी भोकं. खोक्यात तिच्यासाठी दोन झाकणं होती, एक पारदर्शक आणि एक भरीव धातूचं.

"पारदर्शक घेतलंस तर आत अडकलेला कचरा नजरेला पडतो," तेबान म्हणाला. "पण पूर्ण वेगात पाइपातून पाणी नुसतं येत नाही, धडका मारतं. झाकण टिकेल का, ते तुमच्या बांकेच्या वेगावर आहे. किती जोराचं येतं?"

"मला नाही माहीत, निनोंग. पूर्ण वेगात मी तिला अजून सोडलेलीच नाही." तिने दाराकडे पाहिलं. "ते त्यांनाच ठाऊक."

तेबानने फडकं घेतलं आणि आधीच लख्ख असलेली गाळणी पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

"विचार मग त्याला."

"ताय," जोव्हेलिनने हाक मारली, "पूर्ण वेगात पारदर्शक झाकण टिकेल का?"

"फुटेल!" उन्हातून आमादोर ओरडला. हे सांगायला तो केव्हाचा टपूनच बसला असावा. "धातूचं घे! आणि वरचा नट हाताने आवळू नकोस, पाना लाव!"

वाळूवरच्या जाळीवाल्यांनी ऐकलं. रस्त्यापलीकडे मासे वाळत घालणाऱ्या बायकांनी ऐकलं. गोरियो तर हातभर अंतरावर होता.

तेबानने पारदर्शक झाकण खोक्यात परत टाकलं आणि धातूचं उचलून बोटांत फिरवलं. दाराकडे त्याने पाहिलं नाही.

"ऐकू आलं नाही म्हणावं," तो म्हणाला. "काय ते आत येऊन सांग."