पॅराशूटचं ठिगळ

मावशीने लावलेलं ठिगळ शोधायचं तर भिंग लागायचं, आणि भिंग घेऊनही माणूस हात टेकायचा. कपडे दुरुस्तीचं दुकान ती वीस वर्षं चालवत होती. फाटकं काही दिसलं की तिला राहवतच नसे.

म्हणून काल दुपारी भाचीने शाळेच्या स्पर्धेसाठी केलेल्या नारंगी पॅराशूटला मधोमध वाटीच्या तोंडाएवढं भोक दिसलं, तेव्हा तिने ठरवूनच टाकलं की पोरीने इस्त्रीने जाळलं आणि आता भीतीने गप्प बसली आहे. भाची होतीच तशी. दोन वर्षांपूर्वी राहायला आल्यापासून तिने कशाची म्हणून तक्रार केली नव्हती. बूट चावून टाचेला फोड आले तरी मुकाट चालायची. पोर अजून घरात पाहुण्यासारखी वागते, हे मावशीला फार सलायचं. तिला खाली बघायला लागू नये म्हणून मावशीने अवाक्षर न काढता त्याच कापडाचा उरलेला तुकडा लावला, दुहेरी टीप मारली आणि पॅराशूटची होती तशी घडी करून ठेवली. भाचीने सकाळी ती घडी तशीच आपल्या छोट्या उपग्रहाच्या डब्यावर बांधली.

आज शाळांच्या अंतराळ स्पर्धेचं मैदान गजबजलं होतं. प्रत्येक संघाने थंड पेयाच्या डब्याएवढा उपग्रह बनवला होता. ड्रोन तो उंच नेऊन सोडणार, आणि पॅराशूटने उतरता उतरता त्याने हवेचं तापमान खाली कळवायचं. पांढऱ्या वर्तुळात धड उतरला तर पुढची फेरी, नाहीतर सरळ घरी.

भाचीच्या संघाच्या कप्तान मुलीला सगळे प्रोफेसर म्हणत. ती परीक्षकबाईंना बोट उंचावून सांगत होती, "मॅडम, पॅराशूटला वर भोक ठेवलंय. अडकलेली हवा तिथून निघून जाते. नाहीतर डबा झोके खात भलतीकडेच जाऊन आपटतो. ही हिची कल्पना!" भाची चक्क लाजली.

कठड्यापलीकडे उभ्या मावशीला कालचं ठिगळ आठवलं.

गप्प बसायचा मोह झालाच नाही असं नाही. सगळं वाऱ्यावर ढकलता आलं असतं. वारा काही खुलासा द्यायला येणार नव्हता. पण भाचीचा तो लाजलेला चेहरा बघून ती कठड्याखालून वाकून आत धावली.

"अगं, मी बुजवलं ते!"

"काय बुजवलं?"

"भोक! मला वाटलं, इस्त्रीने जळलं."

भाचीने घडी उलगडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. प्रोफेसरचं बोट खाली आलं. परीक्षकबाईंनी घड्याळ पाहिलं. "तुमच्याआधी एक संघ आहे. दहा मिनिटं देते."

मावशीने पर्समधून छोटी कात्री काढली आणि गवतातच बसकण मारली.

"मधून कापून टाका ना!" प्रोफेसर म्हणाली.

"नाही," भाची म्हणाली. "भोक लहान राहील. मावशी, पूर्ण उसव."

इतक्या ठामपणे ती कधी बोलली नव्हती. मावशी उसवू लागली. 'जन्मात उसवणार नाही' असं गिऱ्हाइकांना ठणकावून सांगितलेली टीप आता तिच्याच जिवावर उठली होती. शेवटचे चार टाके तिने दातांनी तोडले.

ड्रोन वर गेला. डबा सुटला. नारंगी कापड क्षणभर नुसतंच फडफडलं, मग फुललं, दोनदा डोललं आणि शहाण्यासारखं सरळ उतरू लागलं. मावशीचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं वर्तुळात. पोरं नाचायला लागली.   मावशी मात्र गवतात बसल्या बसल्या हसत राहिली.

भाची धापा टाकत तिच्याशेजारी येऊन बसली. "विचारायचं तरी ना गं!"

"वाटलं, घाबरली असशील मला सांगायला."

"घाबरेन कशाला? खरंच जळलं असतं तर आधी तुझ्याकडेच आले असते. दुसरं कोण बुजवणार?"

 मावशीने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला. भाचीने पाय पुढे ताणले, नाक मुरडलं आणि म्हणाली, "आणि मावशी, हे बूट भयंकर चावतात. मला दुसरे हवेत."