पूजेला बसलेला ग्रंथ

मित्रांनो, ब्रह्मदेशातल्या लढाईचा इतिहास सांगणारा मी एक जुना ग्रंथ आहे. पुण्यात छापला गेलो आणि मद्रासला, मैलापूरच्या एका मराठी वाचनालयात येऊन राहिलो. सुरुवातीला मला हातोहात नेत. पुढे कादंबऱ्या आल्या आणि मी खालच्या फळीवर गेलो. समुद्राच्या दमट हवेने माझी शिवण उसवली.

तरीही शाळेत शिकवणाऱ्या अंबुजाबाई मलाच मागत. त्यांचे यजमान त्या लढाईत एका नदीपाशी बेपत्ता झाले होते. घरी येणाऱ्यांनी त्यांच्या शौर्याच्या कथा सांगितल्या. एकही दुसरीशी जुळत नव्हती. माझ्या लेखकाने मात्र यजमानांच्या तुकडीविषयी लिहिले होते, 'त्यांनी पूल संध्याकाळपर्यंत राखला. पुढे काय झाले, हे सांगणारा मला कोणी भेटला नाही.' बाई त्या ओळीवर बोट ठेवून बसत.

एकसष्ट साली नवरात्रात चिटणीस अप्पाजीरावांनी फाटकी पुस्तके रद्दीसाठी दाराशी रचली. त्यांत मीही होतो.

"अप्पाजीराव, हा ग्रंथ राहू द्या."

"अय्यो, अंबुजाबाई! पानं गळतायत. तुमच्याशिवाय वाचतो कोण? दसरा झाला की कागदवाला येणार."

बाईंनी वाद घातला नाही. मला पिशवीत घालून घरी नेले. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद कालवला, जाड दोऱ्याने मला पुन्हा शिवले. सरस्वतीपूजेला वाचनालयात पुस्तकांची रास मांडली होती. तिच्यावर मला ठेवले. पूजेला बसलेले पुस्तक रद्दीत घालायला अप्पाजीरावांसारख्या तंजावरी मराठी माणसाचा हात होत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

फुले घेऊन आलेले अप्पाजीराव थबकले. "बाई, ही तर लढाईच मांडलीत!"

"पूल राखतेय," बाई म्हणाल्या.

पूजेतली पुस्तके दसऱ्याला उघडून वाचायची रीत. दुसऱ्या दिवशी अप्पाजीराव म्हणाले, "वाचा आता. एवढं काय आहे त्यात?"

बाईंनी तीच ओळ वाचली. आवाज हलला नाही.

"एवढंच?"

"एवढंच. ठाऊक नव्हतं तिथं लेखक थांबले. बाकीच्यांनी मला गोष्टी दिल्या, अप्पाजीराव. या ग्रंथानं खरं तेवढंच दिलं."

अप्पाजीरावांनी मला स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवले. कागदवाला आला, तेव्हा ते दाराशी बसून उरलेल्या पुस्तकांसाठी सुईत दोरा ओवत होते.

मित्रांनो, फाटके पुस्तक टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. कोणाचा तरी पूल त्यात अजून उभा असेल.